जावयाला बाधलेलं मलम

बुवुंगा
३ मार्च

डुंगू,

तुझ्या मेहुण्याचा हात मी मोडलेला नाही. तो माझ्या केळीच्या बागेत घसरून पडला. पाऊस झाला होता, पायाखाली सोपटांचा चिखल होता आणि जावईबापूंच्या पायात शहरी बूट होते. फोनवर त्यानं तुला काय सांगितलं ते मला कळलं आहे. तुझा निरोप जुबाला केळी नेणाऱ्या झिवा ड्रायव्हरनं काल आणला आणि त्या मेल्यानं तो माझ्या अंगणात, शेजारणींच्या देखत, मोठ्यानं म्हणून दाखवला: "बहिणीला नवऱ्याकडे परत पाठवा, माझं नाक कापू नका."

तुझं नाक! ते जुबाच्या गॅरेजात ट्रकच्या ऑइलचा वास घेत सुखरूप आहे. तुझ्या बहिणीचं नाक मात्र वाकडं झालंय. समोरचे दोन दात गेलेत आणि डाव्या कुशीवर ती झोपू शकत नाही. बाजाराच्या दिवशी ती आली ती रस्त्यानं नाही, बागेतून. मला वाटलं कोणाची गाय शिरली, म्हणून मी ढेकूळ उचलून ओरडत गेले. अंगातल्या गोमेसी झग्याचा कापडी कमरपट्टा सोडून तिनं तोंडावर धरला होता आणि तो पिवळा पट्टा कुठेही पिवळा राहिलेला नव्हता. "आत्या, पाणी दे," एवढंच म्हणाली. मसाकाहून ती चालत आली होती.

जावईबापू मुगेर्वाचं म्हणणं असं की तिनं त्याच्यावर करणी केली आणि करणी मी दिली. अर्थात! लग्नाआधी पोरीला नवरा कसा सांभाळायचा ते आत्यानं शिकवायचं असतं, म्हणजे नवऱ्याचं काहीही दुखलं की गावाचं बोट आत्याच्या दाराकडे. खरी गोष्ट अशी की नाबोसाला कातडीचा एक आजार आहे आणि त्यावर दवाखान्याचं मलम चालू आहे. बाकीचं भावानं ऐकायचं नसतं, म्हणून लिहीत नाही.

आणि हो, लिहिते यासाठी की तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तर "आवाज येत नाहीये आत्या" म्हणून ठेवतोस. कागदाला असं फसवता येत नाही. जुबात दारूच्या बाटल्या मोजत तू तिथं मासळी विकायला येणाऱ्या या माणसाशी बहिणीचं लग्न ठरवून आलास. नवरामुलगा घरच्यांपुढे आणायचा मान आत्याचा, पण आत्याला तू शेवटी कळवलंस, तेही लग्नाचा दिवस ठरल्यावर. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीस. ते जाऊ दे. पण बापाच्या खुर्चीवर वारस म्हणून तू बसलायस. माहेरी पळून आलेली बाई परत द्यायची की नाही, ते तुझ्या शब्दावर ठरतं, माझ्या नाही. तू शब्द घाईनं टाकलास तर हा माणूस तिला जिवंत ठेवणार नाही.

तुझी आत्या
नाल्वेयिसो


बुवुंगा
२४ मार्च

डुंगू,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी, आणि त्यात एकदाही "ती कशी आहे" नाही. "आत्या, तू तिला काय दिलंस ते खरं सांग. मुगेर्वा अंथरुणाला खिळलाय, ताप भरतोय. तो मेला तर पाप तुझ्या डोक्यावर."

बरं. दार लावून घे आणि एकट्यानं वाच. बहिणीचं असलं काही भावाच्या कानावर घालणं आपल्यात शोभत नाही, पण मी आत्या आहे, आणि लाजत बसणं हे माझं काम नाही.

नाबोसाला खाली, बाईमाणसाच्या जागी, चामखिळी उठल्या. आधी एक, मग कोबीच्या गड्ड्यासारखा झुबका. मुगेर्वा मासळी आणायला बेटांवर जातो, आठवडेच्या आठवडे तिकडे असतो, आणि तिथून काय काय घेऊन येतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ती रडत माझ्याकडे आली. आपल्याकडे अशा चामखिळीवर कुंपणाच्या शेराचा चीक लावतात. मी वाटी घेऊन निघालेही होते. तिनं माझं मनगट धरलं. वरच्या आळीतल्या एका बाईनं तो चीक लावला होता, तेव्हा लघवीला बसली की तिच्या किंकाळ्या आमच्या घरापर्यंत यायच्या. नाबोसाला त्या आठवत होत्या.

म्हणून आम्ही मिशनच्या दवाखान्यात गेलो. सिस्टर फेलिस्टांनी रक्त तपासलं. ज्या आजाराला सगळे घाबरतात तो तिला नाही, देवाची कृपा. मग त्यांनी छोट्या छोट्या पुड्यांतलं मलम दिलं. हे मलम चामखिळीला जाळत नाही. सिस्टर म्हणाल्या, अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात, पण हा रोग इतका लबाड की कातडीत दडून बसतो आणि त्यांना दिसतच नाही. मलम त्यांना हलवून जागं करतं. जागे झाले की ते मारामारी करतात, म्हणून तिथं लाल होतं, सुजतं, आग होते. कधी अंगही दुखतं, ताप येतो. आठवड्यातून तीनच रात्री लावायचं, मध्ये रात्र सोडून, आणि सकाळी साबणानं धुऊन टाकायचं. फार सोलवटलं तर थोडे दिवस थांबायचं. काही महिने असं चालतं. आणि लावलेल्या रात्री नवऱ्याजवळ जायचं नाही, नाहीतर त्याचीही कातडी भाजून निघते.

आता कळलं ना पुढे काय झालं?

तो बेटावरून न सांगता आला. ती म्हणाली, आज नको, औषध लावलंय. "नको" म्हटल्याबद्दल त्यानं तिला मारलं, आणि मारून झाल्यावर जे करायचं होतं ते केलंच. याहून जास्त मी लिहिणार नाही. तुझं रक्त उसळायला एवढं पुरलं पाहिजे, आणि पुरत नसेल तर तू माझ्या भावाचा मुलगा नव्हेस.

सकाळी उठून बघतो तर स्वतःचंच लालभडक. आग आग! आणि धक्क्यावरच्या पुरुषांना एक गोष्ट पाठ असते. आत्या लोकांकडे म्हणे असं औषध असतं, बायकोनं ते लावलं आणि बाहेर तोंड मारणारा नवरा तिच्याजवळ आला की भाजतो. इमानी नवऱ्याला काहीच होत नाही. अरे, माझ्याकडे असं औषध असतं तर या जिल्ह्यातले निम्मे पुरुष पाय फाकवून चालले असते. पण त्याची पाचावर धारण बसली. मासे तोडायचा कोयता उलटा धरून त्यानं तिला बडवलं. "काढ हे! कोणी दिलं?" प्रत्येक फटक्याला तेच. दात गेले तेव्हा ती म्हणाली, "आत्याला विचार." उरलेल्या पुड्या खिशात घालून तो बाहेर पडला आणि दारू पीत बसला, तेवढ्यात ती पळाली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी पडवीत शेंगदाणे कुटत होते. माझी तांबडी कोंबडी त्याच्या वाटेत आली, तिचे त्यानं कोयत्यानं चालता चालता दोन तुकडे केले. मग कोयता टाकून मला मानगुटीला धरलं आणि माझं तोंड उखळात दाबलं. "उतरव म्हातारे, उतरव!" नाकातोंडात कूट गेला, श्वास कोंडला, मला वाटलं आता शेंगदाण्यांतच मरणार.

तर हो. तो चिखलात पडला नाही. मी मुसळ फिरवलं आणि त्याचा डावा हात मोडला. काडकन आवाज आला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पोलीस आले तर हेच सांगेन.

आता तरी शब्द टाकण्याआधी विचार कर.

आत्या


बुवुंगा
२० एप्रिल

डुंगू,

या खेपेला तुझा कागद नाही, नुसता काकाला फोन. "वारस म्हणून सांगतो, शनिवारी मुगेर्वा माणसं घेऊन येईल, त्याला तिला देऊन टाका." सेब्बोवा माझा सख्खा धाकटा भाऊ, पण वारसाच्या शब्दापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "ताई, डुंगू म्हणतो म्हणजे द्यायलाच हवी." मी त्याच्या अंगावर चहा फेकला. तो कोमट होता, नाहीतर तुझ्या काकाची पण कातडी आज सोललेली असती.

तुझ्या जिवलग मित्राला ताप का भरतो ते मला कळलंय. गेल्या आठवड्यात विहीणबाई लपतछपत आल्या. त्या वयाला माझ्यापुढे गुडघे टेकून म्हणाल्या, "बाई, लेकरू सडतंय. घ्या ना परत ती करणी." मी विचारलं, करतो काय तो? तर बेटावरच्या कुठल्याशा वैदूनं त्याला सांगितलंय की करणीची वस्तूच रोज अंगाला चोळून संपवायची, ती संपली की करणी सुटते. म्हणून तो नाबोसाच्या पुड्या सकाळ-संध्याकाळ चोळतोय! धूत नाही, थांबत नाही. सगळं सोलवटलंय, सुजलंय, घरात चादर गुंडाळून बसतो आणि लघवीला गेला की भिंतीवर डोकं आपटतो.

मी हसले, खोटं कशाला बोलू. पण मग खरं तेच सांगितलं. म्हटलं, "विहीणबाई, ते दवाखान्याचं मलम आहे. फेकून द्या, साबणानं धुवा, आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होईल." त्या उठल्या आणि माझ्या पायाशी थुंकल्या. "करणी करणारी असंच म्हणणार. धुतली की पक्की बसेल, म्हणून सांगतेस!"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की खरं सांगून कोणी ऐकत नाही, तर शनिवारी खोटंच सांगायचं. सगळ्यांसमोर म्हणणार की हो, करणी माझीच. ती फक्त भटक्या नवऱ्यालाच बाधते. उतरवायची असेल तर कुठे कुठे भटकलास ते नावानिशी बोल, एक नाव गाळलंस तर उतरणार नाही. बघू दे त्याच्या काकांना. बघू दे सेब्बोवाला. मग कोणाची छाती आहे 'पोर परत द्या' म्हणायची!

नाबोसाला सिस्टरांनी नव्या पुड्या दिल्या. मोठा झुबका गळून पडलाय, बारीक दोन-चार राहिल्यात. ती आता कण्हत नाही. परवा जेवणासाठी मातोकेची कच्ची केळी सोलताना काहीतरी गुणगुणत होती, मी आले तशी थांबली. हसते, पण ओठ मिटून.

तू ये. अजून वेळ आहे. तुझ्या बापाची खुर्ची मी पुसून ओसरीवर ठेवते. तू नुसता येऊन बसलास आणि "नाही" म्हणालास तर मला हा तमाशा करावाच लागणार नाही.

आत्या


बुवुंगा
११ मे

दादा,

हे अक्षर वेगळं आहे हे तुला दिसलंच असेल. मी नाबोसा. काकांनी तुला फोन केला होता. तू म्हणालास ट्रक मिळत नाही, बॉर्डरला खोळंबा आहे. त्या रविवारी दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग आत्याला बागेच्या वरच्या अंगाला, बाबांच्या शेजारी पुरलं.

तू कोणाकडून काय ऐकलंयस मला माहीत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते.

ठरल्या शनिवारी ते आले. मुगेर्वा, त्याचे दोन काका, समारंभाच्या पांढऱ्या पायघोळ कान्झूत. बरोबर रीतीप्रमाणे केळ्याच्या दारूची मडकी आणि बकरा. अंगणात उभे राहिले. तुझी खुर्ची रिकामी होती. आपले काका म्हणाले, "वारसाचा शब्द आहे, मुलगी द्यायची." मी आत दाराआड होते.

आत्या उठली. म्हणाली, "देते ना. पण असा सोललेला नवरा माझ्या पोरीला काय कामाचा? आधी करणी उतरवू या." तिनं उगाच पाण्यात पानं बुडवली, त्याच्याभोवती शिंपडली, डोळे फिरवले. आत्याला मी इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती. "बोल रे जावईबापू. कोणकोण? एक जरी गाळलंस ना, तर गळूनच पडेल."

तो बोलायला लागला आणि थांबेना. धक्क्यावर मासे धुरावणारी. बेटावरच्या गुत्त्यातली, आणि तिची बहीण. त्याच्या काकांनी माना खाली घातल्या. आत्या म्हणाली, "आणखी?" तो रडत होता. म्हणाला, "जुबात. लग्नाआधी, नंतरही. तिथं मला डुंगूच घेऊन जायचा. आम्ही दोघं जायचो, एकाच घरी, त्याच बायकांकडे."

आत्याच्या हातातली पानं खाली पडली. तिनं तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं, दादा. तिच्या मनात तू फक्त आळशी आणि भित्रा होतास.

मग मी बाहेर आले. पुडी हातात होती. म्हटलं, "ही करणी नाही. दवाखान्याचं मलम आहे. आत्यानं तुझ्या आईला तेच सांगितलं होतं. तू उगाच चोळत बसलास आणि उगाच सगळं बोललास." बाहेर कुंपणापाशी जमलेल्या बायका हसल्या. आधी एक हसली, मग सगळ्या. मीही हसले, तोंड उघडून, दात नसलेलं.

बकऱ्यासाठी आणलेली सुरी मडक्यांजवळ होती. त्यानं ती उचलली तेव्हाही बायका हसत होत्या. तो माझ्याकडे आला. आत्या मध्ये आली. तिनं त्याला ढकललं नाही की पकडलं नाही, नुसती माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली, कोंबड्या हाकताना राहायची तशी. सुरी तिच्या बरगडीखाली गेली. त्यानं ती काढली आणि पुन्हा घातली. "म्हातारे, म्हातारे," असं म्हणत होता. त्याचे काका, आपले काका, सगळे कान्झू सावरत मागे सरकले.

मुसळ पडवीत होतं. मी त्याचा उजवा हात मोडला. तो खाली बसला तरी मी थांबले नाही. गुडघ्यावर मारलं, खांद्यावर मारलं. डोक्यावर मारणार होते. आत्या जमिनीवरून म्हणाली, "नाबोसा, पुरे. याच्यापायी तुरुंगात जाऊ नकोस." म्हणून तो जिवंत आहे. मसाकाच्या तुरुंगाच्या दवाखान्यात आहे.

पहिल्या वेळी त्याचा डावा हातही मीच मोडला होता. आत्यानं तुला लिहिलं की मुसळ तिनं फिरवलं. तिचं तोंड उखळात दाबलेलं असताना ती मुसळ कशी फिरवणार, हे तुझ्या मनात यायला हवं होतं. मी आत अंथरुणावर होते, बरगडी दुखत होती, उठवत नव्हतं, तरी उठले. पोलिसांनी मला धरू नये म्हणून तिनं ते स्वतःवर घेतलं. गेल्या आठवड्यात मी पोलिसांना दोन्ही हातांचं खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मला घरी पाठवलं.

आता तुझ्याशी काम आहे.

काल आत्याचं शेवटचं कार्य झालं. तिची जागा कोणी घ्यायची ते तिनं काकांना कधीच सांगून ठेवलं होतं. मला पाटावर बसवून झाडाच्या सालीचं वस्त्र पांघरलं आणि हातात केळी सोलायची सुरी दिली. काका सर्वांसमोर म्हणाले, नाल्वेयिसो गेली नाही, ती ही बसलीय. मग त्यांनी मला "ताई" म्हणून हाक मारली. शेजारच्या बायकांनी आत्या म्हणून मला नमस्कार केला. तू असतास तर तुलाही करावा लागला असता.

तुझ्या बहिणीला तू परत पाठवू शकत होतास. आत्याला कोणी कुठे परत पाठवत नाही. हे घर माझं आहे, बाग माझी आहे, मुसळही माझं आहे.

माझ्या अंगावर आता एकच बारीक चामखीळ उरली आहे. सिस्टर म्हणतात, तीही जाईल. मूळ कातडीत दडून राहू शकतं, म्हणून अधूनमधून दाखवायला जायचं. मी जाणार आहे.

आणि तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. वहिनीला बरोबर ने आणि का नेतोस ते तिला वाटेतच सांग, तिथं पोचल्यावर नर्सकडून कळू देऊ नकोस. दोघांचं रक्त तपासून घ्या. तुला दिसत नसला तरी हा रोग तुझ्या अंगात असू शकतो आणि तिला झालेला असू शकतो. मलम दिलं तर सांगितलेल्या रात्रीच लावा, सकाळी साबणानं धुवा, त्या रात्री वेगळे झोपा. आग होईल. ती सोसायची. तिनं "नको" म्हटलं तर हात वर उचलायचा नाही. उचललास असं मला कळलं तर केळ्यांचा ट्रक जुबाला जातोच, मी त्यात बसून येईन.

असलं काही बहिणीनं भावाला लिहायचं नसतं, ते मला माहीत आहे. बहीण लिहीत नाहीये.

तुझी आत्या
नाबोसा